झाकलेली टोपली

नौपाड्याच्या बाजारात एक कोळीण खाडीतली चिंबोरी, म्हणजे मोठे खेकडे, विकायची. रोज आधी एक चिंबोरी फोडून आतला पिवळा गर हुंगायची, मगच विक्री सुरू करायची. त्या दिवसांत कारखान्यांचं तेल खाडीत सुटत होतं आणि मी त्याविरुद्ध सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं वाटत हिंडत होतो.

एका सकाळी तिने हुंगलेली चिंबोरी फेकून दिली आणि भरलेली टोपली झाकली. नेहमीचं एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, "दे गं मावशी, घरी चांगली धुऊन घेतो."

"वरून धुशील, पोटातलं कसं धुशील? ही कल्ल्यांनी पाणी ओढते, चिखलातलं खाते. तेल जाऊन बसतं त्या गरात. चांगल्या पाण्यात राहिली तर हळूहळू जिरवून बाहेर टाकते. तुझ्या घरी खाडी हाय?"

तो गेल्यावर मी म्हणालो, "मावशी, हेच रविवारच्या सभेत सांगा ना."

"आन् मग माझी चांगली चिंबोरी कोण घेईल रे?"

कष्टकऱ्यांच्या बाजूने लिहिलेल्या माझ्या पत्रकात तिच्या धंद्याविषयी एक ओळ नव्हती.

तिने झाकलेली टोपली मागे सरकवली. मग तिने हात पुढे केला. "दे ते कागद. तुझ्या हातचं कोण वाचत नाय."

दुपारपर्यंत ती पत्रकं वाटत होती. लोक तिच्याकडून कागद घेत, उभ्याउभ्या वाचत आणि मटणाच्या दुकानाकडे वळत. शेजारच्या कोळणी तिला शिव्या घालत होत्या. ती पुढच्या माणसाला कागद देत राहिली.