डावीकडे बघा!

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत चिलखतकाकांच्या शेजारी बसून सिनेमा बघायला कोणी धजत नसे. पडद्यावर राजा धारातीर्थी पडतोय, बायकांनी पदर डोळ्यांना लावलेत आणि नेमका त्याच क्षणी काकांचा खणखणीत आवाज येई, "रक्त नाही ते. मधात कालवलेलं कुंकू आहे. मुंग्या लागतात त्याला." संपलं! पदर खाली येत आणि काका समाधानाने मांडी बदलत.

काकांनी उमेदीची वर्षं ऐतिहासिक आणि पौराणिक सिनेमांच्या कपडेपटात काढली होती. कुठलीही भव्यता त्यांच्यापुढे टिकत नसे. दहा हजारांचं सैन्य? "चाळीस माणसं होती. कॅमेऱ्यासमोरून जायचं, मागून धावत यायचं, पागोटं बदलायचं, पुन्हा जायचं. तिसऱ्या फेरीला निम्मे चहाला." आकाशातून जाणारा रथ? "तारेवर टांगलेला. सारथ्याला गरगरत होतं म्हणून डोळे मिटून बसलाय. लोकांना वाटतं, ध्यान लावलंय." मी एकदा म्हटलं, "काका, आम्हाला जरा फसू द्या की." तर म्हणाले, "फसायचंच असेल तर फ्लॅट बुक करा. सिनेमा कशाला?"

चिलखतं मात्र घरची होती. खरं लोखंडी कड्यांचं चिलखत घालून नट उभाच राहू शकत नसे, म्हणून जाड सुतळी स्वेटरसारखी सुयांवर विणायची आणि वर चंदेरी रंग मारायचा. हे विणकाम कपडेपटातल्या लोकांच्या बायका करत. एका सिनेमासाठी काकूंनी अकरा चिलखतं विणली, तीही भावाचा स्वेटर सुयांवर असताना. काका त्यांचं गाठोडं बांधून घेऊन गेले, काकूंना ती एकदा नीट बघायलाही मिळाली नाहीत.

तो सिनेमा दर गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये व्हिडिओवर लागे. शेवटी किल्ल्याच्या दारात सेनापती एकटा लढत पडतो, तो प्रसंग एकदा शांतपणे बघायचा आणि मनसोक्त रडायचं, एवढीच काकूंची इच्छा. पण सेनापती पाठमोरा होऊन कोसळू लागला की काका ओरडलेच म्हणून समजा, "डावीकडे बघा! त्या सैनिकाच्या मनगटावर घड्याळ!" सगळ्या माना डावीकडे. आपल्याला दिसलं नाही, असं कबूल करणारा माणूस आमच्या सोसायटीत राहत नव्हता. कोणी तर पट्टा तपकिरी होता असंही सांगे. सिनेमा कृष्णधवल होता. तोवर सेनापती मरून गेलेला असे.

"अहो, एकदा तरी त्याला माझ्या डोळ्यांदेखत मरू द्या!" काकू करवादत.

"पुढच्या वर्षी नक्की," काका म्हणत.

असंच एकदा पुढच्या वर्षीचं कबूल करून ते वैशाखात गेले. मला ते फार आवडायचे, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. यंदा सिनेमा लावावा की नाही, यावर कमिटीत नेहमीप्रमाणे वाद झाला. शेवटी काकूच म्हणाल्या, "लावा. आता तरी मला नीट रडू द्या."

मी त्यांच्या शेजारी बसलो. किल्ल्याचं दार आलं. हॉलमध्ये इतकी शांतता आम्हाला सवयीची नव्हती. सेनापती पाठमोरा झाला आणि काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. चिलखताच्या पाठीवर, मानेपासून कमरेपर्यंत, स्वेटरवर घालतात तशी झोकदार वेणी विणलेली होती.

"अगं बाई! ही दादाच्या स्वेटरची वेणी," काकू म्हणाल्या. "हात चुकला की हो माझा! जगाच्या चुका काढत बसले हे, आणि ही एक बोलले नाहीत." आधी त्यांना हसू फुटलं आणि मग त्या रडल्या, इतक्या वर्षांचं एकदम.

डोळे पुसून त्यांनी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. या वेळी मी सवयीने डावीकडे बघितलं. सैनिकाची दोन्ही मनगटं उघडी होती.