दोन व्याही आणि आवळीखालचं जेवण

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की निलंग्याकडून मामांचा फोन येणार, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. मामा म्हणजे माझे सासरे. "पाव्हण्यांला घेऊन ये. सीताफळं झाडावरच फुटायलीत, खायला माणूस न्हाई," एवढंच बोलतात आणि ठेवून देतात. पाव्हणे म्हणजे माझे वडील, अण्णा. मी राहते नांदेडला, माहेर दोन गल्ल्या सोडून आणि सासर निलंग्याजवळच्या खेड्यात. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही की ही वारी आम्ही बापलेक करतो.

यंदा मात्र मध्ये साखर आडवी आली. श्रावणात अण्णांच्या रक्तात ती सापडली आणि डॉक्टरांनी बजावलं, की दिवाळीनंतरच्या तपासणीत उतरलेली दिसली नाही तर रोज सुई टोचून घ्यावी लागेल. अण्णांनी नोकरीभर भूमिती शिकवली, कंपासच्या टोकानं फळ्यावर वर्तुळं काढली, पण सुई म्हटलं की त्यांचा चेहरा लसीला आणलेल्या पोरासारखा होतो. हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माझं वेड माहीत आहेच: ऋतूत जे पिकतं ते खावं, कमी तेलात शिजवावं, वगैरे. जगाला सल्ले देणाऱ्या बाईच्या बापालाच साखर निघाली, म्हणजे दिव्याखाली अंधार.

आईचे गुडघे प्रवासाला राजी नव्हते. तिनं मला दारातच हुकूम सोडला, "तपासणी सोमवारी आहे. त्यांच्या ताटावर डोळा ठेव. आणि तिकडं बोलू नकोस बाई, त्यांनी मला शपथ घातलीय."

"का पण?"

"मुलीच्या सासरी पथ्य सांगत जायचं का, म्हणतात."

नांदेडहून लातूरची एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाते. सकाळी लवकरची धरली तर दुपारच्या जेवणाला लातूर. अण्णा ज्येष्ठ म्हणून त्यांचं अर्धं तिकीट, मी बाई म्हणून माझं अर्धं. कंडक्टरच्या हिशेबानं आम्ही दोघं मिळून एक माणूस. सोयाबीन निघून गेलेली रिकामी रानं, मध्येच पिवळ्या फुलांवर आलेली तूर, आणि अहमदपूरच्या स्टँडवर गरम भज्यांचा वास. अण्णांनी खिडकीतून मान बाहेर काढली. मी पेरू आणि तिखट-मिठाची पुडी पुढं केली. "हे बघ, मी फक्त गाडी कुठं आलीय ते बघत होतो," असं म्हणून त्यांनी पेरू घेतला.

तुम्ही जाणार असाल तर एक सांगते: या दिवसांत इकडच्या स्टँडांवर पेरू, सीताफळं आणि बोरं टोपलीनं मिळतात. पैसे थोडे पडतात, पोट साफ राहतं आणि तेलकट कागदाला हात पुसावे लागत नाहीत. लातूरला गाडी बदलायची. औसा, लामजना करत निलंगा. पुढं न्यायला मामांचा शेजारी जीप घेऊन उभा असतो, पण तेवढी सोय तुम्हाला स्वतःची बघावी लागेल.

पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. पाय धुतले, बसलो, आणि चहा आला. आमच्या सासरी पाहुण्याचा चहा बोटाला चिकटला नाही तर तो चहा नव्हे. मागोमाग ताटात लाडू, करंज्या, अनारसे.

"घ्या की वो पाव्हणं!" मामा म्हणाले.

"आधी तुम्ही," अण्णा म्हणाले.

"आसं कसं? पाव्हण्याच्या आधी मी खाऊ व्हय?"

व्याह्यांच्या पंक्तीचा कायदा साधा आहे. पाहुण्यानं नको म्हणायचं नाही आणि पाहुणा खातोय तोवर यजमानानं थांबायचं नाही. अण्णांनी लाडू उचलला, म्हणून मामांनी उचलला. मामांनी करंजी घेतली, म्हणून अण्णांना घ्यावी लागली. मी डोळे वटारत होते आणि अण्णा छताचे वासे मोजत होते. रात्रीच्या जेवणाला पुरणपोळी होती. तूप वाटीतून नाही, तांब्यातून आलं. दोघंही एकमेकांकडं बघून हसत खात होते आणि दोघांचेही चेहरे परीक्षेचा पेपर सोडवत असल्यासारखे होते. मला वाटलं, मामांना वयानं खाणं जड जात असेल.

सकाळी चुलीपाशी गेले तर सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, चहात साखर टाकायच्या आधी एक कप हळूच बाजूला काढून पदराआड ठेवत होत्या. मला बघून दचकल्या.

"कुणाचा हो हा फिका?"

आत्यांनी दाराकडं बघितलं. "तुझ्या मामांचा. दसऱ्यापासून शुगर निघालीय त्यांला. कुणाला बोलू नको माय, शपथ घातलीय मला. व्याह्यांला कळलं तर ते घासाला संकोच करतील म्हणायलेत."

मी तिथंच पाटावर बसले आणि हसू आवरेना. "आत्या, अण्णांनापण."

"काय?"

"शुगर. त्यांनीपण आईला शपथ घातलीय."

आत्यांनी तोंडाला पदर लावला. पुढं थोडा वेळ आम्ही दोघी सासू-सुना नव्हतोच. काल रात्री दोन साखरवाले एकमेकांची अब्रू राखण्यासाठी पुरणपोळीवर तूप ओतून घेत होते! पण हसू ओसरलं तशी मला तपासणी आठवली. सोमवार जवळ होता. शपथ मोडता येत नव्हती आणि आजचं जेवण तर अजून व्हायचं होतं.

तोडगा आत्यांनी काढला. न्याहारीच्या वेळी त्या ओट्यावर आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलंच बघा. आजपासून पुनवेपर्यंत मी कार्तिकाचा नेम धरलाय. घरात गूळ न्हाई, साखर न्हाई, तळण न्हाई. आज आवळीखाली जेवण करायचंय."

बाईच्या नेमापुढं कुणाचं काही चालत नाही. मामांनी कपाळाला हात लावला, "आत्ताच सुचला व्हय हा नेम? पाव्हणं आलेत घरी!" अण्णा म्हणाले, "असू द्या, असू द्या, देवाधर्माचं आहे." इतकी खुशीत बुडालेली हळहळ मी कधी पाहिली नव्हती.

आता स्वयंपाकाचं सांगते, कारण तेच वाचायला तुम्ही इथं येता. अंबाडीची पानं निवडून उकडायची आणि ते पाणी पिळून टाकायचं, नाहीतर दात आंबतात. मग तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या यांच्यासोबत शिजवून घोटायची, आणि वरून चमचाभर तेलात भरपूर लसूण. नेमात लसूण कसा चालतो, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. तांबड्या भोपळ्याच्या सालासकट फोडी मेथीदाण्याच्या फोडणीत वाफेवर शिजवल्या. गूळ नाहीच, भोपळा मुळात गोड असतो, पण त्याला बोलू देतं कोण? मुळ्याची कोशिंबीर, दाण्याची चटणी, ताक. आणि आवळ्याचा ठेचा: आवळे आणि हिरव्या मिरच्या तव्यावर भाजायच्या, आवळ्यातल्या बिया काढून, मीठ घालून बत्त्यानं ठेचायच्या. पहिल्या घासाला कान गरम होतात आणि वर पाणी प्यालं की तेच पाणी गोड लागतं. साखर सोडलेल्यांना याहून स्वस्त मिठाई मला माहीत नाही.

बांधावरची आवळी फळांनी लगडली होती. आत्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं, आम्ही तिच्या सावलीत घोंगडी टाकली. दोघं व्याही मांडी घालून असे जेवायला बसले की काल उपाशी झोपले होते असं वाटावं. मामा भाकरी कुस्करून अंबाडी ओरपत होते. अण्णांनी ठेचा दोनदा मागून घेतला. मागून घेतला! कुणी आग्रह न करता! मी आत्यांकडं बघितलं, आत्यांनी मान डोलावली. आम्ही जिंकलो होतो.

तेवढ्यात मामा उठले, विहिरीकडं गेले आणि गवतात पिकत घातलेली सीताफळांची पाटी घेऊन आले. दोन दोन मुठींएवढी फळं, डोळे उघडून फुटायला आलेली.

आत्या गडबडीनं म्हणाल्या, "अवो, नेम हाय ना!"

"नेमात फळ चालतं की," मामा म्हणाले. त्यांचा आवाज काही आनंदाचा नव्हता. पण पाहुणा बांधावर बसलाय, फळ झाडाला आहे आणि ते पुढं करायचं नाही, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. साखर होती, पण हे नव्हतं. त्यांनी सगळ्यात मोठं सीताफळ अण्णांच्या हातावर ठेवलं आणि दुसरं स्वतः घेतलं. "घ्या पाव्हणं. तुमच्यासाठीच ठिवलं होतं."

अण्णांनी ते दोन्ही हातांत धरलं. मी बोलणार होते, पण आईला घातलेली शपथ आठवली. अण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग फळ हळूच घोंगडीवर ठेवलं.

"व्याही, रागावू नका. मला शुगर आहे. सोमवारी तपासणी आहे. मला हे नको."

मामांनी हातातलं फळ पाटीत ठेवलं. 

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

"आन् काल ती पुरणपोळी?"

"तुम्ही वाढली होती."

"आवो, मलाबी हाय की!" मामा ओरडलेच. "तुम्ही खायलात म्हणून मी खात होतो! रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई, तीनदा उठून पाणी प्यालो!"

"तुम्ही पण? मग मला कशाला वाढत होता?"

"पोरीचा बाप हाय तुम्ही! आमच्या घरून हात आखडून गेले, तर पोरीला काय वाटंल?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि मग जे हसत सुटले ते मामांना ठसका लागेपर्यंत. आत्यांनी सगळ्यात लहान सीताफळ शोधलं, मधोमध फोडलं आणि दोघांच्या हातावर अर्धं अर्धं ठेवलं. "एवढ्यानं काय बिघडत न्हाई. बाकीचं आमचं." अण्णांनी ते एकेक बी चोखत खाल्लं. मी आणि आत्यांनी पाटीतली फळं निवांत संपवली, कारण आमच्या नेमात फळ चालत होतं.

परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर आवळ्यांची पिशवी होती. औसा मागं पडल्यावर अण्णा खिडकीकडं बघत म्हणाले, "तुझ्या लग्नात माझ्याकडून मानपानात थोडं कमी पडलं होतं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मग मीही ठरवलं, या घरात जे ताटात येईल ते खायचं, नको म्हणायचं नाही." लग्नाला किती वर्षं झाली, त्या वर्षांत अण्णांनी निलंग्यात किती नावडते घास गिळले असतील, हे मनात आलं आणि मला फार वाईट वाटलं. मी त्यांचा हात धरला. लातूर येईपर्यंत सोडला नाही.

सोमवारी डॉक्टरांनी कागद पाहून भुवया चढवल्या, पण सुई टळली. सध्या तरी. "दिवाळी केलेली दिसतेय," एवढंच म्हणाले.

तर या प्रवासातून अंबाडीची कृती आली, आवळ्याचा ठेचा आता रोज पानात असतो, आणि सकाळी सातला माहेरी फोन वाजतो. कालही मी तिथंच होते. दोघं एकमेकांना उपाशीपोटीची साखर सांगतात आणि ज्याची जास्त त्याला दुसरा हेडमास्तरासारखा झापतो. काल मामा स्पीकरवर म्हणाले, "पाव्हणं, गुऱ्हाळ लागलंय. नव्या गुळाची ढेप धाडू का?"

"नको," अण्णा म्हणाले. आवाज न उतरवता, हसत, पेपरचं पान उलटत. "धाडायचेच असतील तर आवळे धाडा."

गॅसपाशी आईचा भाकरी थापणारा हात थांबला होता. तिनं माझ्याकडं बघितलं, डोळे पुसले आणि पुन्हा थापायला लागली.