धोंडप्पांचा प्रश्न

उमरग्यात हायवेच्या कडेला धोंडप्पा हाडं बसवायचे. ट्रकवरून पडलेला क्लीनर असो की बैलानं ढकललेली म्हातारी, त्यांची रीत एकच. दुखऱ्या जागी अंगठा ठेवायचा आणि विचारायचं, "ह्याला काय म्हंत्यात?"

"मनगट, अप्पा."

"आन् कानडीत?"

माणूस शब्द आठवायला लागला, की ओढून खट्! हाड जागेवर. बोंब नंतर.

त्यांची लेक महेश्वरी भाषांचा अभ्यास करायला पुण्याला गेली. तिबेटी, बर्मी, मणिपुरी अशा एका कुळातल्या भाषांमधले अवयवांचे शब्द ती शेजारी-शेजारी मांडायची आणि मूळ भाषेतला, कुणीच लिहून न ठेवलेला शब्द शोधायची.

"हाडाला तिबेटीत रूस, मणिपुरीत सरू. म्हणजे मुळात रुस् असावं, अप्पा."

"आसावं? बोलणाऱ्याला इचार की!"

"ते हजारो वर्षांपूर्वीच गेले."

"म्हंजे मेलेल्यांची हाडं बसवतीस! बरं हाय बाई तुझं, पेशंट वरडत न्हाय."

माघात धोंडप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "रोज बोलतं करा. तीन महिन्यांत आलं तर आलं."

महेश्वरी काम गुंडाळून घरी आली. रोज सकाळी अप्पांच्या कपाळाला विभूती लावून झाली, की त्यांच्याच रीतीनं त्यांच्या कोपरावर, गुडघ्यावर अंगठा ठेवायची. "ह्याला काय म्हणतात, अप्पा?"

कधी "अं". कधी नुसती लाळ. ती प्रत्येक आवाज वहीत लिहायची, शेजारी आपला अंदाज. तिकडं नऊ भाषा एकत्र ठेवल्या की काहीतरी हाती लागायचं. इथं एकच माणूस, आणि "अं".

"पुरं कर गं," आई प्रेमाबाई म्हणाली. "किती छळशील त्यांला?"

"तीन महिने भरायला अजून चार दिवस आहेत, अव्वा."

चौथ्या दिवशी तिनं वही उघडलीच नाही. नुसतं त्यांचं तोंड पुसलं. तेवढ्यात धोंडप्पांचा डावा हात हलला. त्यांनी तिचं मनगट धरलं. अंगठा बरोबर सांध्यावर. ओठ हलले, आवाज नाही. पण प्रश्न तिला पाठ होता.

"मनगट," ती म्हणाली.

अंगठा तिथंच.

"मणिकट्टु, अप्पा. कानडीत मणिकट्टु."

डोळे गच्च मिटून ती वाट बघत राहिली. ओढा अप्पा, ओढा.

अंगठ्यात जोर आला नाही. धोंडप्पांनी आपल्या हाताकडं कितीतरी वेळ पाहिलं, मग तिचं मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडं वळवलं.