लिनक्सची चावी माझ्या खिशात

कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं. फक्त तो चालू कुठून होतो, तेवढं रंजनाला विचारावं लागतं.

रंजना म्हणजे आमची मंडळी. मी अंबरनाथ पश्चिमेला रिक्षा चालवतो आणि ती घरी बसून बॅनर बनवते. बारसं, साखरपुडा, विहारातला कार्यक्रम, कोणाचा तरी वाढदिवस. तुम्ही फक्त फोटो पाठवायचा. बाकी मागं सूर्य उगवणं, खाली गुलाब टाकणं, माणूस गोरा करणं, सगळं तिच्याकडे. (मला पण एकदा गोरा करायला घेतला होता. कॉम्प्युटर हँग झाला!) तिनं रीतसर कोर्स केलाय. मी शाळेत जायचो, पण शाळेच्या बाहेर बोरं विकणारी बाई होती, तिच्यापर्यंतच. त्यामुळं घरात शिकलेली ती आणि बोलणारा मी, अशी वाटणी आहे.

तर एक दिवस कॉम्प्युटरवर पाटी आली. रंजनानं वाचली आणि कपाळाला हात लावला.

"काय झालं?"

"विंडोज दहा संपलं. आता अकरा टाका म्हणतायत."

"मग टाकू की!"

"आपला कॉम्प्युटर जुना आहे. अकरा त्याला चालणार नाय, असं खालीच लिहिलंय."

आई खाटेवर लसूण सोलत होती. तिला ऐकायला सगळं येतं, फक्त हाक मारली की येत नाय. ती बोलली, "दहावीच्या पुढं घेत नायत का त्याला? तुझ्यावर गेला, बबन. तुला तर दहावीला पण नव्हता घेतला."

आता नवीन कॉम्प्युटर आणायचा, का ह्यालाच ओढत न्यायचा, का दुसरं काय करायचं? रंजनाची सगळी चूल ह्या डब्यावर. आणि नेमकं त्याच वेळी तिला पालेगावातनं पहिली ऑर्डर आली होती.

पालेगावचे बाळारामदादा. शेतावर टॉवर उभे राहिले, पण दादांनी शर्यतीचा बैल काय सोडला नाय. बैलाचं नाव बादल. दादांच्या दारात गाड्या उन्हात उभ्या असतात आणि बादलला पत्र्याची सावली, वर पंखा! त्या बादलचा रविवारी वाढदिवस. मिरवणूक, बेंजो पार्टी, केक (केक माणसांनी खायचा, बादलला गूळ), आणि गावाच्या कमानीवर मोठा बॅनर.

"वहिनी," दादा फोनवर बोलले, "बॅनर असा पायजे का बघणारा थांबला पायजे. जमला तर ह्या लग्नाच्या सीझनला गावातल्या सगळ्या हळदींचे बॅनर तुमच्याकडं. नाय जमला तर..."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. हळदीचा सीझन म्हणजे काय ते पालेगावात राहणाऱ्यालाच माहीत. घरटी एक बॅनर, आणि एकाचा दुसऱ्यापेक्षा मोठा! रंजना दोन दिवस जमिनीवर चालत नव्हती.

रविवारी सकाळी कुळगाववरून किरण आला. हा रंजनाचा भाऊ. ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम करतो. त्यानं पाटी वाचली आणि बोलला, "ताई, लिनक्स टाक."

"म्हणजे काय?"

"विंडोजच्या जागी दुसरं. जुन्या मशीनवर पण मस्त पळतं. आणि फुकट आहे."

आईचा लसूण थांबला. "फुकट? पोरीकडचे स्वतःहून फुकट देतो बोलले की आधी पोरगी बघून यावी. काय तरी खोट असते."

"आई, खोट नाय हो. जगभरातली लोकं मिळून बनवतात."

"जगभरातली लोकं?" मी बोललो. "अरे, आमच्या स्टँडवर वीस माणसं मिळून एक रांग नाय बनवू शकत!"

"दाजी, तुम्ही रिक्षा पेट्रोलवरून गॅसवर केलीत ना? इंजिन तेच, फक्त आतलं बदललं. तसंच समजा."

हे म्हणजे किरणनं फार मोठी चूक केली. कारण तोपर्यंत मला काय कळत नव्हतं, म्हणून मी गप होतो. आता मला कळलं!

"असं बोल ना मग!" मी उठून उभाच राहिलो. "गॅसवर केली तेव्हा पण सगळे घाबरवत होते. पिकअप जाईल, घाट चढणार नाय. काय झालं? पळतेय ना? रंजना, टाकून टाक. माझा पाठिंबा आहे!"

"तुमचा पाठिंबा ठेवा तिकडं," रंजना बोलली. "माझ्या बॅनरचं काय? चार वाजता मिरवणूक आहे."

तेव्हा किरणनं तोडगा काढला. त्यानं खिशातनं पेनड्राइव्ह काढला. ह्याच्यात अख्खा लिनक्स आहे, बोलला. आतल्या विंडोजला हात पण लावायचा नाय. पेनड्राइव्ह लावायचा, त्याच्यावरून मशीन चालू करायची आणि आजचं काम करून बघायचं. आवडलं तर संध्याकाळी नीट टाकू, नाय तर सोडून देऊ. मग तो रंजनाला बराच वेळ काय काय समजावत होता. "ताई, एक लक्षात ठेव..." एवढं मी ऐकलं. ते ताईला होतं, दाजीला नव्हतं, म्हणून मी पुढचं ऐकलं नाय.

किरणला पुढं कुठंतरी जायचं होतं, तो निघाला. आणि खरंच सांगतो, लिनक्स पळाला! रंजना आधी जरा कुरकुरली, बटणं दुसरीकडेच आहेत बोलली. दुसऱ्याची रिक्षा चालवायला घेतली की हॉर्न कुठाय ते शोधायला लागतं, तसं. पण मराठी अक्षरं आली, फोटो आले आणि अकराच्या सुमाराला बादल असा काय उभा राहिला स्क्रीनवर! मागं धूळ, शिंगांना रंग, वर सोनेरी अक्षरात नाव. आई पण उठून आली.

"बैल बरा दिसतोय," आई बोलली. आमच्या आईच्या तोंडून बरा हा शब्द निघणं म्हणजे पद्मश्री!

"झालं एकदाचं," रंजना बोलली. "चहा टाकते, मग पाठवते हरेशभाईंना."

हरेशभाई म्हणजे उल्हासनगरचे सिंधी, फ्लेक्स छापतात. रंजनाचे सगळे बॅनर त्यांच्याकडेच. ती आत गेली आणि मी कॉम्प्युटरसमोर एकटाच राहिलो.

आता माझी बाजू समजून घ्या. मी रिक्षावाला माणूस. गाडी उभी केली, खाली उतरलो, की हात आपोआप चावीवर जातो. टपरीवर चहाला गेलो तरी चावी काढतो, लग्नाला गेलो तरी काढतो. इकडं बघतो तर काम झालंय, गाडी उभी आहे, आणि चावी तशीच लटकतेय! वर त्याच्यात अख्खा लिनक्स, म्हणजे बादल पण त्याच्यातच असणार ना? मी पेनड्राइव्ह उपटला आणि वरच्या खिशात टाकला.

स्क्रीनवर बादल तसाच होता. (मी बघितलं! मी काय अगदीच हा नाय.) मग मला वाटलं, बायको सकाळपासून राबतेय, आपण स्वतः उल्हासनगरला जाऊन बॅनर छापून आणू. तिला सरप्राइज देऊ!

"आलोच गं!" ओरडलो आणि रिक्षाला किक मारली.

वाटेत फोन वाजत होता. पण मी गाडी चालवताना फोन उचलत नाय. (आयुष्यात पहिल्यांदा नाय उचलला, तो त्या दिवशी.)

हरेशभाईंच्या दुकानात ही गर्दी! एकाला दशक्रियेचा बॅनर पायजे, एकाला बर्थडेचा, आणि हरेशभाईंचा कॉम्प्युटर नेमका अडकून बसलेला.

"आओ साईं," ते बोलले. "दो मिनिट. ये मशीन हँग झालाय, बंद-चालू करतो."

"हा लावून ठेवा," मी पेनड्राइव्ह दिला. "ह्याच्यात आमचा बैल आहे."

त्यांनी लावला, मशीन बंद केली, चालू केली. आणि बघतात तर काय! रोजची खिडकी गायब! रोजचे फोल्डर गायब! समोर हिरवंगार काहीतरी आणि सगळी नावं नवीन. हरेशभाईंचा चेहरा असा झाला, जसं काय शटर उघडलं आणि आत दुसऱ्याचंच दुकान निघालं!

"साईं! मेरा विंडो किधर गया?"

मी मात्र ओळखलं. सकाळपासून तेच बघत होतो ना! मी त्यांचा हात हातात घेतला आणि बोललो, "अभिनंदन, हरेशभाई! तुमच्या पण मशीनमध्ये लिनक्स झाला!"

"झाला मतलब? मैंने कहां मांगा?"

"घाबरू नका. गॅसवर केल्यासारखं आहे. पिकअप थोडा..."

"पिकअप गया भाड में! इतने लोगों का बॅनर था उसमें!"

दशक्रियावाला पुढं आला. "म्हणजे आमचे आजोबा गेले का?"

"वो तो पहले ही गए, भाऊ!" हरेशभाई ओरडले. "अब फोटो भी गया!"

तेवढ्यात परत फोन वाजला. उचलला.

"अहो! पेनड्राइव्ह कुठाय?"

"माझ्याकडे. चावी मी काढली, काळजी करू नको."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी अजून कुठंच पाठवलं नव्हतं," ती हळू आवाजात बोलली. "किरणनं सांगितलं होतं, काढायचा नाय. काढला की केलेलं सगळं जातं. इकडं स्क्रीन अडकली होती, बंद करून चालू केली. जुनं विंडोज आलंय. बादल नाय."

"अगं, मी बघितला होता! स्क्रीनवर होता!"

"तो गेल्यावरचा होता, नुसतं चित्र उरलेलं. तुम्ही आहात तिथंच बसा. कशाला हात लावू नका."

मी बसलो. हात मांडीखाली घालून बसलो. हरेशभाईंनी गिऱ्हाइकांना थंड पाजलं, मला नाय.

रंजना आमच्याच स्टँडवरच्या गणपतच्या रिक्षातनं आली. (म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या स्टँडला बातमी!) ती माझ्याकडे बघितलं न बघितल्यासारखं करून सरळ मशीनकडे गेली. नीट बंद केली, पेनड्राइव्ह काढला, परत चालू केली. रोजची खिडकी आली, फोल्डर आले, आजोबा आले! दुकानात टाळ्या वाजल्या. मी पण वाजवायला हात काढले, तिनं बघितलं, परत मांडीखाली घातले.

पण बादल कुठून आणायचा? दीड वाजून गेला होता. फोटो मोबाइलवर होते, पण सकाळसारखा बॅनर पहिल्यापासून करायला वेळ नव्हता. रंजना खुर्चीत बसली, डोळे मिटले. मला वाटलं आता रडणार. पालेगावच्या सगळ्या हळदी मला वरच्या खिशातनं जाताना दिसल्या.

तिनं डोळे उघडले. "हरेशभाई, मागच्या वर्षी ह्यांच्या वाढदिवसाला बॅनर केला होता मी. ती फाइल आहे का?"

"है ना, वहिनी. सब रखता हूं मैं."

स्टँडवर लावला होता तो. रंजनानं मला आतनं अलगद काढला आणि त्या जागी बादल बसवला. मागचा सूर्य तोच. खालचे गुलाब तेच. रिक्षा तेवढी पुसली, वरचं नाव बदललं, खाली शुभेच्छुक म्हणून दादांचे भाऊ-पुतणे टाकले. गळ्यातला हार तर हललाच नाय. माप पण बदलायला लागलं नाय!

"मजकूर?" हरेशभाईंनी विचारलं.

"मजकूर राहू दे," रंजना बोलली. "वेळ नाय. आणि चालतोय."

ओला बॅनर रिक्षात घालून आम्ही पालेगावला सुटलो. मागच्या सीटवर ती आणि बादल. ती दोन्ही हातांनी बॅनर धरून बसली होती. मग मीच घाबरत घाबरत विचारलं, "मग काय ठरलं? विंडोज का लिनक्स?"

"लिनक्स. चांगलं चाललं सकाळी. किरणला सांगते, नीट आतमध्ये टाक, विंडोज पण बाजूला राहू दे."

"आणि मी?"

"तुम्ही रिक्षा चालवा. समोर बघा!"

मिरवणूक निघायच्या बेताला आम्ही पोचलो. पोरांनी बॅनर कमानीवर चढवला. बादल खाली गुलाल लावून उभा होता आणि वर पण बादल. बेंजो थांबला. बाळारामदादा कमरेवर हात ठेवून मोठ्यानं वाचायला लागले.

"गावाची शान. मनमिळाऊ, कष्टाळू, शांत स्वभावाचे. दिवसभर राबूनही ज्यांच्या तोंडून कधी तक्रार नाही..."

दादांचे डोळे भरून आले. "वहिनी, जाम भारी! शब्द न् शब्द खरा! आमच्या घरच्यांना पण बादल इतका कळला नाय. हळदींचा सगळा काम तुमच्याकडं!"

रंजना हसली. सकाळपासून पहिल्यांदा. आणि तिच्या पोटात काय राहत नाय, तिनं सांगून टाकलं. "दादा, खरं सांगू? हे सगळं मी ह्यांच्यासाठी लिहिलेलं. ह्यांच्या वाढदिवसाला."

दादांनी आधी माझ्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत. मग बादलकडं बघितलं. परत माझ्याकडं.

"तवा हा बॅनर फुकट घालवलात, वहिनी," दादा बोलले. "आता बरोबर जाग्यावर लागला."