जटेला कात्री

“देवी आत्ता आत आहे का? बोलवा की बाहेर.” डॉक्टर म्हणाले. भोवतीची शिकाऊ मुलं हसली.

मी स्टुलावर बसले होते. कपाळभर मळवट, मानेवर जट. तेव्हा दिवसभर कानात आवाज यायचे. पण हे हसणं त्यातलं नव्हतं. ते खोलीतलं होतं.

मला धाकटी मुलगी झाली, त्यानंतर हे सुरू झालं. झोप गेली. आंघोळ सुटली. केसांचा गुंता घट्ट झाला, तशी सासूबाईंनी त्यावर हळद टाकली. “जट आलीया. आता फणी लावायची न्हाय.” मंगळवारी बायका येऊ लागल्या. ओटी भरायच्या, पाया पडायच्या. मी म्हणायचे, “मला भ्या वाटतंय.” त्या म्हणायच्या, “आई बोलली!” आणि अर्थ लावत बसायच्या.

शेवटी मोहोळहून भाऊ आला. मला बघितलं आणि रिक्षात घालून सोलापुरातल्या दवाखान्यात आणलं. सासूबाई मागोमाग आल्या.

“ही घाण आधी कापा,” डॉक्टर नर्सला म्हणाले. “अडाणी लोक. आजार कळत नाही, देव बरोबर कळतो.”

“हात लावू नगा! कोप हुईल!” सासूबाई ओरडल्या.

दोघं माझ्या डोक्यावरून भांडत होते. डोकं माझं होतं.

मी नर्सच्या हातातली कात्री घेतली. सगळे मागे सरकले. वेडी बाई, हातात कात्री. मी जट धरली आणि कापायला लागले. चिवट होती. वेळ लागला. तोवर कुणी हसलं नाही. तुटलेली जट सासूबाईंच्या पदरात टाकली आणि डॉक्टरांकडे वळले.

“आधी माझं नाव विचारा. मग आवाज काय म्हणतात ते विचारा. मग गोळी लिहा.”

त्यांनी नाव विचारलं.

गोळी आजही घेते, चहाबरोबर, चारचौघांत. चादरीच्या कारखान्यात शिवणाला बसते. मंगळवारी देवळातही जाते. नारळ फोडते, घरी येते. देव सोडा म्हणणारा डॉक्टर मला नको, गोळी सोड म्हणणारा देवऋषी नको.

परवा गल्लीतल्या एका सुनेच्या केसांवर हळद दिसली. तिची सासू म्हणाली, “तुमाला काय कळतंय त्यातलं?”

“मलाच कळतंय की.”

उद्या तिला दवाखान्यात नेणार आहे. तिचं नाव विचारल्याशिवाय तिच्याबद्दल एक शब्द कुणाला बोलू देणार नाही. कात्री पिशवीत टाकली आहे. ती म्हणेल तेव्हाच बाहेर काढीन.