नैरोबीच्या नदीकाठचा रविवार

चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात मी वायरमन होतो, तिथं साबणाच्या वड्या पाडायची मशिनं बनायची. त्यातलं एक मशीन नैरोबीला गेलं आणि ते उभं करायला आम्हा दोघांना पाठवायचं ठरलं. विजेचं काम माझं, फिटिंगचं माझ्या जोडीदाराचं. पासपोर्टसाठी फोटो काढायला आम्ही एकाच दिवशी उस्मानपुऱ्यातल्या एकाच स्टुडिओत गेलो, एकाच सायकलवर परत आलो. तरी त्याच्या डब्यातला घास मी कधी खाल्ला नव्हता, हे आधी सांगून टाकतो.

ते दिवस नामांतराच्या भांडणाचे होते. विद्यापीठाला नवं नाव द्यायचा ठराव होऊन बरीच वर्षं झाली होती, अंमल होत नव्हता. एका आठवड्यात मोर्चा, दुसऱ्यात बंद. शहरात नवे कारखाने येत होते, खेड्यांतून पोरं भरतीला येत होती आणि येताना गावातली बसायची जागाही बरोबर आणत होती. आमच्या कॅन्टीनमध्ये कुणी पाटी लावलेली नव्हती. पण खिडकीकडची टेबलं आमची, नळाकडची गावकुसाबाहेरून आलेल्यांची. मी जमीनदार घरातला, म्हणून खिडकीकडं. जोडीदार नळाकडं. जेवण झालं की आम्ही पुन्हा एका मशीनला दोन बाजूंनी भिडायचो. त्याचा कान इतका तयार की बेअरिंग बसलं की नाही हे तो आवाजावरून सांगायचा.

आफ्रिका म्हणजे ऊन, म्हणून आम्ही पातळ कपडे घेऊन गेलो आणि नैरोबीत पहिल्याच सकाळी कुडकुडलो. शहर उंचावर आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. कारखान्याचे मालक गुजराती, तीन पिढ्या तिकडंच राहिलेले. माणूस प्रेमळ. रविवारी त्यांनी ड्रायव्हर देऊन आम्हाला सिंह दाखवले, जिराफ दाखवले, म्युझियम दाखवलं आणि संध्याकाळी घरी जेवायला बोलावलं.

टेबलावर मालकांच्या वडिलांनी आमची आडनावं विचारली. माझा घास हातातच राहिला. जोडीदारानं आपलं आडनाव स्वच्छ सांगितलं. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि त्याच्या ताटात आणखी कढी वाढायला सांगितली. आडनावावरून माणूस कोणत्या घरातला हे त्यांना कळण्यासारखं नव्हतं.

परत येताना गाडीत जोडीदार मराठीत म्हणाला, "पुढचं कुणी विचारलंच नाय. पहिल्यांदाच असं झालं."

"बरं झालं की मग."

"बरं झालं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "स्वयंपाकघरात तो काळा माणूस होता ना, वाढायला मदत करत होता. त्याचा कप पाहिलास का? खिडकीत उलटा ठेवलेला. पत्र्याचा. बाकी सगळे काचेचे."

मी कप पाहिला नव्हता. त्यानं आत जाता-जाता पाहिला होता.

पुढच्या रविवारी ड्रायव्हर आला तर जोडीदारानं त्याला परत पाठवलं. कारखान्यात आमच्या हाताखाली तिथला एक फिटर दिला होता. उंच, हसरा, आमच्याच वयाचा. त्यालाही आम्हालाही इंग्रजी जेमतेम, पण शब्द जुळायचे. त्यांच्या भाषेत दुकानाला दुका म्हणतात, खबरला हाबारी, वक्ताला वकाती. आमच्या औरंगाबादच्या दख्खनीत वाढलेल्या कानांना हे ओळखीचं वाटायचं. जोडीदारानं त्याला विचारलं, "तू राहतोस ते दाखव." तो आधी हसला. मग म्हणाला, "तिथं मुहिंदी येत नाहीत." मुहिंदी म्हणजे हिंदुस्थानी. आम्ही दोघंही.

त्यानं आम्हाला पायी नेलं. मोठ्या इमारती संपल्या, रस्त्यावर माणसं दाटत गेली आणि एकदम ठोकण्याचा आवाज कानावर आला. उघड्यावर, पत्र्याच्या सावलीत कितीतरी लोक डांबराची रिकामी पिंपं कापून ट्रंका, शेगड्या, कढया करत होते. वीज नाही, मशीन नाही. छिन्नी, हातोडी आणि रुळाचा एक तुकडा ऐरणीसारखा. जोडीदार तिथंच बसला. एका म्हाताऱ्या कारागिराकडून हातोडी मागून त्यानं एका ट्रंकेची कड वळवून दाखवली. भोवतीचे लोक ओरडले, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. सबंध प्रवासात तो एरवी तेवढा मोकळा मला दिसला नाही. माझं लक्ष मात्र खिशातल्या पासपोर्टवर. कुणीतरी मागून काही बोललं, त्यात 'मुहिंदी' ऐकू आलं आणि तो शब्द काही प्रेमाचा नव्हता. मी फिटरला विचारलं. तो म्हणाला, "दुकानात तुमचे लोक आम्हाला हाक मारतात ना, तसंच."

फिटरची वस्ती पुढं नदीकाठी होती. नदी म्हणजे काळं पाणी. माती थापलेल्या कुडाच्या भिंती, वर पत्रे, कुठं पत्र्याऐवजी पुठ्ठा. गल्ली इतकी अरुंद की दोघं समोरासमोर आले तर एकानं आडवं व्हायचं. त्याच्या आईनं आम्हाला बाकावर बसवलं, दुधातच उकळलेला चहा दिला आणि चपाती दिली. तिकडंही तिला चपातीच म्हणतात. जोडीदारानं एक चपाती मोडून अर्धी माझ्यापुढं धरली. मी घेतली. तिथं बघणारं कुणी नव्हतं, म्हणून घेतली.

म्हातारीनं मुलाकरवी आम्हाला विचारलं, "गावाकडं तुमची जमीन आहे का?"

मी म्हणालो, "आहे."

जोडीदार म्हणाला, "नाय."

ती दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत राहिली आणि मुलाला काहीतरी म्हणाली. फिटरनं सांगितलं, "ती म्हणते, मुहिंदीतही असं असतं होय?"

आम्ही हसलो. मी जरा जास्तच.

चहा संपायच्या आत गल्लीच्या वरच्या टोकाकडून आरडाओरडा आला. "मोटो! मोटो!" फिटर कप टाकून बाहेर पळाला. मोटो म्हणजे आग. बाहेर आलो तर वरच्या चार-पाच घरांतून धूर नव्हे, सरळ जाळच निघत होता आणि वारा आमच्या दिशेनं होता.

त्यानंतर जोडीदारानं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. त्याला वस्ती माहीत नव्हती, भाषा येत नव्हती. तो आधी म्हातारीकडं वळला आणि हातानं कागदाचा आकार करून ओरडला, "कागद! पेपर! पेपर!" तिनं पातेलं उचललेलं होतं. त्यानं ते तिच्या हातातून काढून खाली ठेवलं. ती आत जाऊन खाटेखालून एक डबा घेऊन आली. तो तिच्या कवेत देऊन त्यानं तिला नदीकडं ढकललंच. मग फिटरच्या अवजारांतून पहार घेतली आणि जाळाच्या वाटेतल्या दोन घरांवर तो चढला. ती घरं पेटलेली नव्हती. त्यातल्या एका घरातली बाई त्याचा पाय ओढत होती, शिव्या देत होती. तो वरून पत्रे उखडून खाली टाकत होता आणि फिटर त्या बाईला आवरत समजावत होता की मधली जागा मोकळी केली तरच आग थांबेल.

मी काय करत होतो? मी उभा होतो. माझ्या हातात अजून चहाचा कप होता.

"अय! बघत काय उभा राहिलास?" वरून जोडीदार ओरडला. "पत्रा धर!"

मी धावलो. पत्रा धरला, तापलेला होता, हाताची कातडी सोलली. तरी धरला आणि नदीकडं ओढला. मग दुसरा, मग तिसरा. शेजारचे लोकही आले. कुड पाडले, माती टाकली, नदीचं पाणी डबड्यांतून हातोहात फिरलं. बंब आला तोवर आग त्या मोकळ्या पट्ट्यापाशी थांबली होती. फिटरचं घर वाचलं. वरची सगळी रांग गेली. कुणी म्हणालं स्टोव्ह भडकला, कुणी म्हणालं जागा कुणाला तरी रिकामी करून हवी होती. खरं काय ते आम्हाला कळलं नाही. घर पाडलं गेलेली ती बाई उखडलेल्या पत्र्यांवर बसून होती, जोडीदाराकडं बघतही नव्हती.

आम्ही नळावर हात धुवायला गेलो. माझ्या तळव्याला फोड आले होते. त्यानं आपल्या शर्टाची बाही फाडून माझ्या हाताला बांधली आणि बांधता-बांधता बोलायला लागला.

"ठराव झाला त्या पावसाळ्यात आमच्या गावात घरं पेटवली. मायनं हंडा-कळशी काढली. कागद राहिले. माझा दहावीचा दाखला, बापाचं रेशनकार्ड, समदं. दाखला पुन्हा काढायला गेलो तर शाळेतले म्हणायचे, उद्या ये. दोन वर्षं आयटीआयला अर्ज करता आला नाय." गाठ मारून त्यानं विचारलं, "तू कुठं होतास तवा?"

"गावात."

"तुमच्या गावात झालं का?"

"झालं."

"मग?"

आजवर हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणालो, "माळवदावर उभा राहून बघत होतो. माझा चुलता होता त्यांच्यात. रॉकेलचा डबा आमच्याच घरातला होता."

नळ वाहत होता. त्यानं तो बंद केला.

"तू दिलास का डबा?"

"नाही."

"अडवलंस का?"

"नाही."

त्यानं गाठ पुन्हा ओढून पाहिली. मग म्हणाला, "आज पत्रा धरलास. पण सांगावं लागलं."

मशीन चालू व्हायला आणखी आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत तो माझ्याशी पान्याविषयी, बोल्टविषयी, व्होल्टेजविषयी बोलला. बाकी काही नाही. त्यातल्या रविवारी तो एकटाच नदीकाठी गेला आणि फिटरबरोबर पाडलेली दोन घरं परत उभी करून आला. मी येऊ का विचारलं होतं. "हात बरा होऊ दे," एवढंच म्हणाला.

औरंगाबादला परतल्यावर पहिल्याच दिवशी मी डबा घेऊन नळाकडच्या टेबलाशी गेलो. तिथल्या चौघांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी परत फिरणारच होतो. जोडीदारानं आपला डबा थोडा सरकवला. मी बसलो. खिडकीकडच्यांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं, नंतर सवय झाली. ह्यात मोठेपणा नव्हता. मला तिथं बसायला फार उशीर झाला होता आणि तो उशीर त्या टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत असल्यासारखा वाटायचा.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा चुलत्याशी विषय काढला. तो ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. "जुनं झालं ते," तो म्हणाला. "तू आफ्रिकेत जाऊन हेच शिकून आला का?" मी म्हणालो, "काका, डबा आपल्या घरातला होता." त्यानं अडकित्ता खाली ठेवला आणि उठून आत गेला. त्यानंतर तो माझ्याशी नीट बोलला नाही, मरेपर्यंत नाही.

मग मी गावाबाहेरच्या त्या वस्तीत गेलो. घरं नव्यानं बांधलेली होती, दोन-चार जागा मात्र मोकळ्याच. एक म्हातारी शेळ्यांना पाला टाकत होती. मी तिच्यापुढं उभा राहिलो आणि सांगून टाकलं, "आजी, त्या दिवशी मी माळवदावर होतो. बघत होतो."

तिनं पाला टाकणं थांबवलं नाही. "ठावं हाय," ती म्हणाली. "आमी खालून तुलाच बघत व्हतो. वाटलं, ह्यो तरी उतरंल."

मी काहीतरी बोललो, माफीचं. तिनं ऐकून घेतलं. मग शेळ्या सोडल्या आणि त्यांच्या मागं ओढ्याकडं निघून गेली. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

शहरात आल्यावर हे मी जोडीदाराला सांगितलं. तो बेअरिंगला ग्रीस लावत होता.

"निघून गेली?"

"हो."

"मग तिनं काय करावं असं तुला वाटत होतं?" त्यानं विचारलं.

त्यानं ग्रीसचा डबा माझ्याकडं सरकवला आणि दुसऱ्या बाजूच्या बेअरिंगला मला लावायला सांगितलं.