साळवे सर तरंगले त्याची गोष्ट

थिओफिल साळवे यांनी पनवेलच्या एका शाळेत तीसएक वर्षं भूगोल शिकवला. जगातल्या नद्या, समुद्र, सरोवरं त्यांना तोंडपाठ होती. पण गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात ते कधी उतरले नव्हते. शाळेची सहल उरणच्या किनाऱ्यावर गेली की सर मुलांच्या चपला राखत वाळूत बसून राहायचे. त्यांच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा पाणी शिंपडून देतात, बुडवून नाही, याबद्दल ते देवाचे मनापासून आभार मानत.

त्यांच्या पत्नी सुवार्ताबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आयुष्यभर लोकांना सुया टोचल्यामुळे त्यांना कशाचीच भीती उरली नव्हती. प्रभू ज्या यार्देन नदीत उतरला तिच्यात आपणही एकदा उतरायचं, एवढीच त्यांची इच्छा. दोघंही रिटायर झाली, लॉकडाऊन उठून वर्षदीड वर्ष गेलं, आणि चर्चचा एक ग्रुप पवित्र भूमीच्या यात्रेला निघाला. मुलीनं, मनस्वीनं, परस्पर दोघांची नावं देऊन टाकली.

"मी येईन," सर म्हणाले, "पण सगळं पाणी काठावरून बघेन."

"बघा ना," सुवार्ताबाई म्हणाल्या. "काठावर टॉवेल धरायला कोणीतरी लागेलच."

यार्देनवर सर टॉवेल घेऊन पायरीवर उभे राहिले. नदी बघून त्यांची निराशा झाली होती. "आपली पनवेलची गाढी नदी हिच्यापेक्षा रुंद आहे," ते म्हणाले.

"गाढीत काय काय वाहतं ते इथं सांगू नका," असं म्हणून सुवार्ताबाई पांढरा झगा घालून पाण्यात शिरल्या. ग्रुपचे पाळकसाहेब गंभीर आवाजात प्रार्थना करू लागले. नेमके तेव्हाच बारके मासे येऊन बाईंच्या पायांना चावे घेऊ लागले. सुवार्ताबाईंना भयंकर गुदगुल्या होतात. त्यांनी ओठ चावले, डोळे मिटले, पण "आमेन"ऐवजी तोंडातून खिंकाळल्यासारखा आवाज निघाला. पाळकसाहेबांना वाटलं, बाईंना भरून आलंय. त्यांनी मोठ्या मायेनं प्रार्थना आणखी लांबवली.

दुसऱ्या दिवशी गालील सरोवरात नावेतून फेरी होती. सर लाइफ जॅकेट घालून नावेच्या बरोब्बर मधोमध बसले आणि खांबाला मिठी मारली. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालला आणि बुडू लागला, तो बायबलमधला उतारा ग्रुप लीडर निकेशनं वाचला. सर्वांनी माना डोलावल्या. "पेत्र तर मच्छीमार होता," सर हळूच म्हणाले. "तो जर बुडू लागला, तर भूगोलाच्या मास्तरानं काय करायचं?"

दुपारी जेवणात 'पेत्राचा मासा' येणार होता. सगळे वाट बघत होते. ताटभर लांबीचा तळलेला मासा आला. सुवार्ताबाईंनी तो काट्यानं उलटा केला, सुलटा केला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"अहो, ही चिलापी आहे."

पनवेलच्या बाजारात ज्या माशाकडे त्यांनी जन्मभर ढुंकून बघितलं नव्हतं, तोच त्या विमानानं इतक्या लांब आल्यावर समोर येऊन बसला होता. तरी त्यांनी तो सगळा खाल्ला.

मग मृत समुद्र. इथं मात्र सर अडकले. या पाण्यात मीठ इतकं की माणूस बुडूच शकत नाही, हे त्यांनी स्वतःच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं. "आता तुम्हीच शिकवलेल्यावर तुमचा विश्वास नाही का?" सुवार्ताबाईंनी विचारलं. मनस्वीनं बॅगेत घातलेली अननसांच्या चित्रांची बर्मुडा चढवून सर पाण्यात गेले, डोळे मिटून मागे रेलले, आणि तरंगले.

खरंच तरंगले. हात सोडले, पाय सोडले, तरी वरच. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी मनातल्या मनात एक स्तोत्र म्हटलं. ते संपल्यावर उभं राहावं म्हणून पाय खाली नेले, तर पाय परत वर आले. पुन्हा नेले, पुन्हा वर. तेवढ्या वेळात वाऱ्यानं ते काठापासून बरेच लांब सरकले होते. चारचौघांत ओरडणं मास्तरांना शोभेना, म्हणून त्यांनी सभ्यपणे हात हलवला. सुवार्ताबाईंनीही हात हलवला आणि फोटो काढला. सरांनी दोन्ही हात हलवले. बाईंनी व्हिडिओ सुरू केला.

शेजारून तरंगत जाणाऱ्या एका परदेशी आजीनं त्यांना स्वतःच्या भाषेत काहीतरी समजावलं. सरांनी "थँक यू" म्हटलं आणि ते आणखी पुढे गेले.

अननस फारच बारीक दिसू लागले तेव्हा सुवार्ताबाईंच्या लक्षात आलं. साडीचा पदर खोचून त्या कमरेभर पाण्यात गेल्या, हाताला जे पहिलं लागलं ते, म्हणजे सरांच्या पायाचा अंगठा, धरला आणि नवऱ्याला होडीसारखं ओढत काठावर आणलं.

"गुडघे पोटाशी घ्या. आता पाय टेका. घाबरलात का?"

"नाही," सर म्हणाले. "आता अंगठा सोड."

परत आल्यावर सुवार्ताबाई मासळी बाजारात गेल्या आणि हौसा कोळणीकडे चिलापी मागितली. हौसा बघतच राहिली. "बाय, तुमाला बरं नाय का?"

"अगं, पेत्र हाच मासा पकडायचा."

"कोन पेत्र? करंजा बंदरावरचा?"

"गालीलचा."

"मंग तिकडं बोंबील भेटत नसंल," हौसा म्हणाली आणि मासा साफ करायला घेतला.

रविवारी उपासनेनंतर सरांना यात्रेतल्या अनुभवाची साक्ष द्यायला उभं केलं. ते बऱ्याच तयारीनं बोलले. "मी आयुष्यभर काहीतरी धरूनच उभा होतो. कठडा, खांब, नाहीतर खडू. तिथं धरायला काहीच नव्हतं, तरी मी बुडालो नाही. मला वाटतं, विश्वास यालाच म्हणत असावेत."

बायकांच्या बाकांवरून सुवार्ताबाईंचा आवाज आला, "विश्वास नाही, मीठ."

लोकांचं हसणं थांबेना, तेव्हा पाळकसाहेबांनी घाईनं पुढचं गीत सांगितलं. पण घरी जाताना रिक्षात त्या म्हणाल्या, "बोललात छान. मला तिकडं लांबवर तुम्ही दिसेनासे झालात ना, तेव्हा मी घाबरले होते. कोणाला सांगू नका."

त्यानंतरच्या सोमवारी सरांनी तरणतलावात नाव घातलं. पहिल्याच दिवशी मागे रेलले आणि सरळ तळाशी गेले. नाकातोंडात पाणी गेलं, डोळे लाल झाले, पण दुसऱ्या सकाळी ते पुन्हा गेले. शिकवणाऱ्याला त्यांनी गंभीरपणे सांगितलं की या पाण्याची घनता कमी आहे. आता ते रोज कमरेइतक्या पाण्यात उभे राहून दोन्ही हात मोकळे सोडतात आणि इतरांना पाणी उडवू नका म्हणून सांगतात.